एकच डेटा, वेगवेगळी उत्तरं: अवकाश दुर्बिणीने टिपलेली माहिती 'शोध' कधी ठरते?

एप्रिल २०२५ मध्ये तुमच्याही फोनवर एक बातमी फिरत आली असेल: पृथ्वीबाहेर जीवसृष्टी सापडली! सोबत एका निळ्याशार ग्रहाचं देखणं चित्र. ग्रहाचं नाव के२-१८ बी.

ते चित्र फोटो नव्हतं. चित्रकाराने कल्पनेने रंगवलेलं होतं. हा ग्रह आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्याचा फोटो आजवर कोणीच काढलेला नाही.

मग बातमी खोटी होती का? तसंही नाही. केंब्रिज विद्यापीठातले भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या नोंदी अभ्यासून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्यांचं म्हणणं असं, की या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्याशी मिळताजुळता एक वायू असल्याच्या खुणा दिसतात. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. खळबळ उडाली ती त्यामुळे. मात्र 'जीवसृष्टी सापडली' असं संशोधकांनी म्हटलं नव्हतं.

पुढच्या काही आठवड्यांत काय घडलं, ते बहुतेकांच्या फोनपर्यंत पोहोचलंच नाही. इतर संशोधकांनी तोच डेटा उतरवून घेतला, आपापल्या पद्धतीने तपासला आणि त्यांच्यापैकी अनेकांना त्या वायूचा ठोस पुरावा काही मिळाला नाही.

एकच दुर्बीण, एकच ग्रह, त्याच नोंदी. मग उत्तरं वेगळी कशी? हे समजून घ्यायचं तर अवकाशातून आलेल्या डेटाचं पुढे काय होतं, ते पाहावं लागेल.

दुर्बीण नेमकं काय पाठवते?

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडण्यात आली. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथून ती दिवसाला सुमारे ५७ जीबी डेटा पाठवू शकते. १२८ जीबीचा फोन अडीच दिवसांच्या आत भरून जाईल, इतका. अमेरिकेतलं कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलिया अशा तीन ठिकाणच्या मोठ्या अँटेना आलटूनपालटून तो उतरवून घेतात.

पण हे तयार फोटो नसतात, आकडे असतात. दुर्बिणीतल्या सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर, म्हणजे पिक्सेलवर, किती प्रकाश पडला त्याची नोंद. त्यात ताऱ्याचा प्रकाश असतो, तसा बराच कचराही असतो. सेन्सर स्वतःच थोडा खोटा संकेत तयार करतो. काही पिक्सेल बिघडलेले असतात. अवकाशातून येणारे वेगवान कण सेन्सरवर आदळून ठिपके उमटवतात.

किराणा दुकानात तेल मोजून देण्याआधी रिकाम्या बरणीचा धडा करून घेतात. नाहीतर बरणीचं वजनही तेलातच मोजलं जाईल. दुर्बिणीच्या डेटाचंही असंच असतं. उपकरणाची स्वतःची भर किती, ते ठरवून ती वजा करावी लागते. फरक इतकाच, की इथे बरणीचं वजन दर वेळी थोडं बदलतं आणि ते किती धरायचं यावर तज्ज्ञांमध्येही मतभेद होऊ शकतात.

के२-१८ बी च्या बाबतीत हा प्रश्न फारच नाजूक आहे. हा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा काही प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो. तिथले वायू त्या प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबी शोषून घेतात. कोणती तरंगलांबी कमी झाली ते पाहून वायू ओळखायचा. पण मुळात अख्खा ग्रह आडवा आला तरी ताऱ्याचा प्रकाश एक टक्काही कमी होत नाही. वातावरणाची खूण तर त्याहून कितीतरी बारीक. अशा वेळी साफसफाई करताना घेतलेला एखादा छोटा निर्णयही उत्तर बदलू शकतो.

मग ते रंग खोटे असतात का?

सोशल मीडियावर हा आरोप नेहमी होतो: 'हे सगळे फोटो एडिट केलेले असतात.' खरं सांगायचं तर हो, त्यांच्यावर प्रक्रिया केलेली असते. पण ती लपूनछपून केलेली नसते.

जेम्स वेब मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. दुर्बीण वेगवेगळे फिल्टर लावून एकाच जागेच्या अनेक कृष्णधवल प्रतिमा घेते. नंतर सर्वांत लांब तरंगलांबीच्या प्रतिमेला लाल, सर्वांत आखूड तरंगलांबीच्या प्रतिमेला निळा, असा क्रम लावून त्या एकत्र केल्या जातात. गाणं वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत आणलं तरी चाल तीच राहते, तसंच हे. रंग बदलून घेतलेले असतात, पण त्यांच्यातला क्रम खरा असतो.

गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या जुनो यानावर 'जुनोकॅम' नावाचा एक कॅमेरा आहे. तो मुख्यतः सामान्य लोकांसाठीच बसवलेला आहे. त्याच्या कच्च्या प्रतिमा नासा सर्वांसाठी खुल्या करते. गुरूवरच्या निळ्या-केशरी भोवऱ्यांची जी चित्रं तुम्ही शेअर केली असतील, त्यांपैकी अनेक हौशी लोकांनी आपल्या घरच्या संगणकावर तयार केलेली आहेत. काहींनी रंग मुद्दाम गडद केले आहेत, काहींनी डोळ्यांना दिसतील तसे ठेवले आहेत. कच्ची प्रतिमा समोर असल्यामुळे कोणी काय बदललं ते कुणालाही ताडून पाहता येतं.

दुर्बीण तिकडची, शोध पुण्याचा

डेटा खुला असण्याचा फायदा काय, याचं उत्तर आपल्या अगदी जवळ आहे.

पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या, म्हणजे एनसीआरएमधल्या, राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेबच्या डेटातून एक दीर्घिका शोधली. तिचा शोधनिबंध २०२५ मध्ये 'अॅस्ट्रॉनॉमी अँड अॅस्ट्रोफिजिक्स' या युरोपीय नियतकालिकात आला. दीर्घिकेला त्यांनी 'अलकनंदा' हे नाव दिलं. त्यामागचं कारण सुंदर आहे. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी असंही म्हणतात, आणि हिमालयात मंदाकिनी व अलकनंदा या दोन नद्या बहिणी मानल्या जातात. नवी दीर्घिका आकाशगंगेसारखीच दिसते, म्हणून ती तिची बहीण.

आश्चर्य आहे ते तिच्या वयाचं. आपल्याला ती दिसते ती विश्व फक्त दीड अब्ज वर्षांचं असतानाची. तिच्यातून निघालेला प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. इतक्या लवकरच्या काळातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, विस्कळीत असतील असा समज होता. दोन रेखीव सर्पिल भुजा असलेली व्यवस्थित तबकडी तयार व्हायला अब्जावधी वर्षं लागतील, असं मानलं जात होतं. अलकनंदा मात्र सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं व्यासाची, सुरेख घडलेली दिसते. तिच्यात वर्षाला सुमारे ६० सूर्यांच्या वस्तुमानाइतके नवे तारे तयार होत होते.

ही निरीक्षणं पुण्याच्या संशोधकांसाठी मुद्दाम घेतलेली नव्हती. 'अनकव्हर' नावाच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणाने आबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या दिशेने दुर्बीण रोखली होती. त्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या मागे दूरवर असलेल्या वस्तू भिंगातून पाहिल्यासारख्या ठळक दिसतात. तो डेटा जगभरातल्या संशोधकांना खुला होता. ज्यांनी त्यात बारकाईने पाहिलं, त्यांना अलकनंदा दिसली.

उलट दिशेचंही एक उदाहरण पुण्याचंच आहे. भारताची स्वतःची अवकाश दुर्बीण अॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडण्यात आली. तिच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा, तर हबलचा २.४ मीटरचा. तरीही पुण्याच्या आयुका संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांना ९.३ अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश अॅस्ट्रोसॅटच्या डेटात सापडला. हबलला तो टिपता आला नव्हता. अॅस्ट्रोसॅटच्या सेन्सरमधला गोंगाट खूप कमी होता, हे त्याचं एक मोठं कारण. निरीक्षण ऑक्टोबर २०१६ चं, शोधनिबंध ऑगस्ट २०२० चा. मधला काळ मुख्यतः हा संकेत खरा आहे, उपकरणाची चूक नाही, याची खात्री करण्यात गेला.

तीस वर्षं जुन्या नोंदींत जिवंत ज्वालामुखी

डेटा शिळा होत नाही, याचा पुरावा शुक्र ग्रहाने दिला.

शुक्रावर इतके दाट ढग आहेत की साध्या कॅमेऱ्याला त्याची जमीन दिसत नाही. म्हणून नासाच्या मॅगेलन यानाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रडारने शुक्राचा नकाशा तयार केला. १९९४ मध्ये ते यान शुक्राच्या वातावरणात शिरून नष्ट झालं. नोंदी मात्र राहिल्या.

अलास्का फेअरबँक्स विद्यापीठातले रॉबर्ट हेरिक यांनी त्या नोंदींतल्या एकाच जागेच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी तपासायला सुरुवात केली. काम किचकट होतं, कारण यानाने प्रत्येक फेरीत वेगळ्या कोनातून पाहिलेलं होतं. त्यामुळे न बदललेला डोंगरही बदलल्यासारखा वाटू शकतो. सुमारे २०० तासांच्या कामानंतर त्यांना माट मॉन्स या ज्वालामुखीजवळचं एक विवर सापडलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये ते सुमारे २.२ चौरस किलोमीटरचं आणि जवळपास गोल होतं. आठ महिन्यांनंतर त्याचा आकार बदललेला होता आणि क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं होतं.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले स्कॉट हेन्सली यांनी संगणकावर वेगवेगळ्या शक्यता तपासून पाहिल्या. नुसत्या कोनाच्या फरकामुळे असं दिसू शकेल का? उत्तर आलं, नाही. मार्च २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. शुक्रावरचे ज्वालामुखी अजूनही जागे असल्याचा हा आजवरचा सर्वांत थेट पुरावा मानला गेला. पुढच्याच वर्षी इटलीतल्या संशोधकांनी मॅगेलनच्याच नोंदींतून आणखी दोन ठिकाणी ताज्या लाव्हाच्या खुणा दाखवल्या.

एक पिक्सेल आणि चेन्नईतला इंजिनिअर

हे काम फक्त प्राध्यापकांनीच करायचं, असंही नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, ती रात्र अनेकांना आठवत असेल. काही दिवसांनी नासाच्या एलआरओ यानाने त्या भागाची छायाचित्रं घेतली आणि ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली. चेन्नईतले इंजिनिअर षण्मुग सुब्रमण्यन यांनी ती उतरवून घेतली आणि त्याच जागेच्या जुन्या छायाचित्रांशी एकेक ठिपका ताडून पाहिला. एका ठिकाणी आधी नसलेला एक उजळ पिक्सेल त्यांना दिसला. त्यांनी नासाला कळवलं.

नासाच्या चमूने नवी छायाचित्रं घेऊन तपासणी केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तो विक्रमचाच अवशेष असल्याचं जाहीर केलं. श्रेय अर्थातच सुब्रमण्यन यांना दिलं. आपल्या ऑर्बिटरने लँडर आधीच शोधला होता, असं इस्रोचं म्हणणं होतं. पण हा अवशेष एका सामान्य नागरिकाने, खुल्या छायाचित्रांच्या आधारे शोधला, हे खरंच आहे.

आज इस्रोचाही बराच डेटा 'प्रदान' नावाच्या पोर्टलवर मिळतो. चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ या दोन्ही मोहिमांच्या नोंदी तिथे नोंदणी करून उतरवता येतात.

डेटा जपला नाही तर?

हे सगळं शक्य होतं, कारण कोणीतरी नोंदी सांभाळून ठेवलेल्या असतात. हे आपोआप होत नाही.

माणूस चंद्रावर उतरण्याआधी, १९६६-६७ मध्ये, नासाच्या लुनार ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रं घेतली होती. मूळ नोंदी मोठ्या चुंबकीय टेपवर होत्या. पुढे त्या टेप नष्ट होण्याची वेळ आली, तेव्हा जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या नॅन्सी इव्हान्स यांनी त्याला नकार दिला. टेप वाचणारी अवजड, कालबाह्य यंत्रं त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये ठेवली.

साधारण चाळीस वर्षांनंतर, एका छोट्या चमूने नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या दुकानात ती यंत्रं पुन्हा चालू केली. २००८ मध्ये पहिली प्रतिमा बाहेर आली. चंद्राच्या क्षितिजावर पृथ्वी, १९६६ मध्ये टिपलेली. त्या काळी छापलेल्या चित्रापेक्षा ती कितीतरी स्पष्ट होती. तपशील टेपवर पहिल्यापासून होता, पण तो पूर्ण वाचण्याची सोय नव्हती.

आज हबल, केप्लर, टेस आणि जेम्स वेब यांच्या नोंदी बाल्टिमोरमधल्या एका मोठ्या संग्रहात ठेवल्या जातात. कोणतं उपकरण, कोणता फिल्टर, कोणती वेळ, सेन्सरचं तापमान, हे सगळं सोबत लिहून ठेवतात. काही निरीक्षणं लगेच खुली होतात. काहींच्या बाबतीत ज्या गटाने निरीक्षणाची योजना आखली, त्यांना साधारण वर्षभराचा अवधी मिळतो आणि मग डेटा सर्वांचा होतो.

आता पुन्हा के२-१८ बी कडे

हा ग्रहसुद्धा २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या नोंदींतूनच सापडला होता. एप्रिल २०२५ च्या दाव्याची ताकद शास्त्रज्ञांच्या भाषेत 'तीन सिग्मा' होती. म्हणजे असा संकेत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात साधारण तीन. ऐकायला ही फार कमी वाटते. पण मोठ्या शोधासाठी 'पाच सिग्मा'ची अपेक्षा असते. तिथे ही शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी असावी लागते. शिवाय हा हिशोब निवडलेली गृहीतकं बरोबर आहेत असं धरूनच केलेला असतो.

इतर गटांनी नेमकी तीच गृहीतकं तपासली. ऑक्सफर्डमधल्या जेक टेलर यांनी विचारलं, की या नोंदींत मुळात काही चढ-उतार आहे का? त्यांच्या मते नोंदी एका सपाट रेषेशीही सुसंगत होत्या. शिकागो विद्यापीठातल्या गटाने आधीची आणि नंतरची निरीक्षणं एकत्र करून पाहिली, त्यांनाही पुरेसा पुरावा मिळाला नाही. मधुसूदन यांचेच माजी विद्यार्थी लुईस वेलबँक्स आणि सहकाऱ्यांनी आणखी बऱ्याच रसायनांची यादी घेतली, तेव्हा इतर काही वायूही तितकेच चांगले जुळत होते. त्यावर मधुसूदन यांच्या गटाने आणखी मोठी यादी तपासून आपली बाजू मांडली.

आणि एक गंमत. युरोपच्या रोझेटा यानाची मोहीम सप्टेंबर २०१६ मध्ये संपली. त्याच्या साठवलेल्या नोंदींचा अभ्यास करताना बर्न विद्यापीठातल्या संशोधकांना एका धूमकेतूवर हेच डायमिथाइल सल्फाइड आढळलं होतं. बर्फ आणि धुळीच्या त्या गोळ्यावर जीवसृष्टी नाही. म्हणजे उद्या हा वायू के२-१८ बी वर नक्की सापडला, तरी तेवढ्यावरून तिथे सजीव आहेत असं म्हणता येणार नाही.

मग मधुसूदन चुकले का? असं म्हणणंही घाईचं होईल. त्यांनी दावा केला, पुरावा समोर ठेवला आणि इतरांनी तो तपासला. विज्ञानाचं काम असंच चालतं. गोंधळ झाला तो 'खुणा दिसतात' या वाक्याचं प्रवासात 'सापडली' झाल्यामुळे.

पुढचा मेसेज आला तर काय पाहाल?

फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी बघा:

• सोबतचं चित्र प्रत्यक्ष निरीक्षण आहे की कलाकाराची कल्पना? मूळ संस्थेच्या पानावर हे चित्राखालीच लिहिलेलं असतं.

• संशोधकांनी कोणता शब्द वापरला आहे? 'संकेत', 'शक्यता' आणि 'निश्चिती' या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

• त्या संशोधनात सहभागी नसलेल्या एखाद्या तज्ज्ञाचं मत बातमीत आहे का?

• महिन्याभराने त्याच विषयावर पुन्हा शोधून पाहा. खरी गोष्ट बऱ्याचदा दुसऱ्या बातमीत असते, आणि ती कमी लोक वाचतात.

के२-१८ बी ३३ दिवसांत आपल्या ताऱ्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे तो पुन्हा पुन्हा ताऱ्यासमोरून जातो आणि पुन्हा मोजता येतो. जितक्या फेऱ्या टिपल्या जातील, तितका गोंगाट कमी होईल आणि खूण खरी असेल तर ती ठळक होईल. त्या नोंदीही अशाच खुल्या होतील आणि केंब्रिजइतक्याच पुण्यातही तपासल्या जातील.